पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय, आणि बायोस अपडेटही होऊ देत नाहीये

कीबोर्डवाली:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण "माहिती अपुरी आहे" असा पहिलाच प्रतिसाद येऊ नये म्हणून सगळं लिहून काढते.

मी मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. कानात हेडफोन, पायाखाली पेडल (ऑडिओ थांबवायला आणि मागे न्यायला) आणि दिवसाचे आठ-नऊ तास या एकाच डेस्कटॉपसमोर. मशीन असं आहे: बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ २६००, ८ जीबीच्या दोन रॅम, एनव्हीएमई एसएसडी, एक साधंसं ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). विंडोज ११ प्रो. बायोस (बोर्डावरचा, विंडोजच्या आधी जागा होणारा प्रोग्रॅम) २०१९ सालचा, म्हणजे मशीन आलं तेव्हा होता तोच.

दीड महिन्यापासून पीसी मनाला येईल तेव्हा रिस्टार्ट होतो. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, हँग होणं नाही. वाक्य अर्धं टाइप झालेलं असतं आणि एकदम काळा पडदा, मग बोर्डाच्या कंपनीचा लोगो. कधी दिवसात चारदा, कधी दोन दिवस शहाण्यासारखा वागतो. आता माझा डावा हात दर वाक्यानंतर आपोआप कंट्रोल-एस दाबतो. परवा व्हॉट्सॅपवर मेसेज लिहिताना पण दाबलं.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, बायोस जुना आहे, अपडेट कर, थांबेल. पटलं, कारण बोर्डाच्या पानावर नव्या आवृत्त्यांपुढे "सिस्टिमची स्थिरता सुधारली" असं लिहिलेलं आहे. शिवाय भावाने त्याचा रायझन ५ ५६०० मला दिलाय, तो बसवायचा तर बायोस अपडेट करावाच लागणार आहे. पण इथे दुसरीच गंमत. बायोसमध्ये शिरते, फ्लॅश करायचं (म्हणजे नवा बायोस चढवायचं) पान उघडते, पेनड्राइव्ह लावते आणि पीसी रिस्टार्ट! तीनदा हेच झालं. चौथ्यांदा पेनड्राइव्ह आधीच लावून मशीन चालू केलं, तर पान नीट उघडलं, पण यादीत फाइलच दिसेना.

आता भीती वाटते ती अशी, की अपडेट अर्ध्यावर असताना हा रिस्टार्ट झाला तर? आणि अपडेट केलं नाही तर रिस्टार्ट थांबणार कसा? विहिरीला दोर हवा, आणि दोर विहिरीत पडलाय. काय करू?

घाईघाई:

दादा, विंडोज करप्ट झालंय. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा, फ्रेश टाका. माझंही असंच होत होतं, एका तासात काम फत्ते.

कीबोर्डवाली:

दादा नाही, ताई. आणि बायोसच्या पानावर असतानाच रिस्टार्ट होतोय असं वर लिहिलंय. तिथे विंडोज अजून उठलेलंही नसतं ना?

रात्रपाळी:

बरोबर पकडलंत. बायोसमध्ये होतंय म्हणजे विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस या सगळ्यांना सोडून द्या. हार्डवेअर बघा.

माझा अनुभव सांगतो, जुळतो का पाहा. माझ्याकडेही रायझनचंच मशीन. ते काम करताना कधीच रिस्टार्ट व्हायचं नाही, मोकळं बसलं की व्हायचं. प्रोसेसर एकदम कमी करंट ओढायला लागला की माझ्या जुन्या एसएमपीएसला ते झेपत नव्हतं. बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" नावाची सेटिंग सापडली, ती "टिपिकल करंट आयडल" वर ठेवली आणि बंद झालं. तुमच्या बोर्डावरही बहुधा असेल, सीपीयूच्या ॲडव्हान्स्ड भागात कुठेतरी दडवलेली असते. नाहीतर एसएमपीएस बदलून पाहा, दुसऱ्याचा मागून आणून.

ते "स्थिरता सुधारली" मात्र फार मनावर घेऊ नका. ते वाक्य ते लोक प्रत्येक आवृत्तीपुढे चिकटवतात.

सोल्डरमामा:

ताई, थांबा. एसएमपीएस बदलू नका आणि बायोसला तर हातही लावू नका. आपोआप रिस्टार्ट होणाऱ्या मशीनवर बायोस फ्लॅश करणं म्हणजे भूकंप चालू असताना शिडीवर चढणं. आधी रिस्टार्टचं कारण शोधायचं, मग बायोस. तुमचे हे दोन प्रश्न आहेत की एकच, हेही मला अजून कळलेलं नाही.

चार गोष्टी पाहून सांगा:

पहिली, आणि सगळ्यात महत्त्वाची. रिस्टार्ट होतो त्या क्षणी पंखे थांबतात का? कान देऊन ऐका. वीज तुटली किंवा एसएमपीएसने मान टाकली तर पंखे मंदावतात, लाइट जातात, कधी "टक्" असा आवाज येतो आणि मग सगळं पुन्हा सुरू होतं. पंखे न थांबता फक्त पडदा काळा होऊन लोगो आला, तर वीज गेलेलीच नाही. कुणीतरी बोर्डाला "रिसेट" असं सांगितलंय.

दुसरी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत कर्नल-पॉवर ४१ असेल. तेवढ्यावर जाऊ नका, ती नोंद फक्त "मागच्या वेळी नीट बंद झालो नाही" एवढंच सांगते. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड (विंडोजच्या क्रॅशचा क्रमांक; ० म्हणजे विंडोजने क्रॅश नोंदवलाच नाही) किती आहे ते पाहा. आणि आसपास डब्ल्यू-एच-ई-ए लॉगरची (तो हार्डवेअरच्या चुका टिपतो) काही नोंद आहे का?

तिसरी. मशीन चालू ठेवून तुम्ही खोलीत नसलात, तर कधी रिस्टार्ट झालाय का?

चौथी. पेनड्राइव्ह कुठे लावता, पुढे की मागे? आणि किती जीबीचा, कसा फॉरमॅट केलेला?

रात्रपाळींची सेटिंग खरी आहे, अनेकांना तिचा उपयोग झालाय. पण ताईंचं मशीन टाइप करताना जातंय, रिकामं बसलेलं असताना नाही.

कीबोर्डवाली:

मामा, एकेक करून.

पंखे थांबत नाहीत! मी हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आज मुद्दाम हेडफोन काढून काम केलं. अकराच्या सुमारास गेला, तेव्हा कॅबिनेटमधल्या पंख्याचा आवाज जसाच्या तसा होता, उलट जरा वाढला. पुढचा निळा लाइटही चालू. फक्त कीबोर्डचा नमलॉक विझून परत लागला.

कर्नल-पॉवर ४१ च्या सतरा नोंदी आहेत. सगळ्यांत बगचेककोड ०. डब्ल्यू-एच-ई-ए ची एकही नाही.

तिसऱ्या प्रश्नाने मला घाम फुटला. नाही, मी नसताना कधीच नाही. मागच्या आठवड्यात रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावून झोपले होते, सकाळी चार फेऱ्या पूर्ण, एरर शून्य. (त्याचा पेनड्राइव्ह मशीन बंद असताना लावला होता, आता आठवलं.) मोठ्या फाइलचं एन्कोडिंग लावून बाहेर गेले, तीन तास ठणठणीत, तापमान ६८ च्या वर गेलं नाही. मी खुर्चीत बसले की मात्र हा उठतो. घरचे म्हणतात याला तुझं टायपिंग आवडत नाही.

पेनड्राइव्ह पुढे लावते. कॅबिनेट टेबलाखाली पेडलच्या उजव्या बाजूला आहे, मागे हात पोचत नाही. ६४ जीबीचा, फॉरमॅट एक्सफॅट दाखवतोय.

सोल्डरमामा:

पेडलच्या उजव्या बाजूला. वा.

ताई, तुमचा उजवा पाय किंवा गुडघा कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलला लागतो का? आणि त्या पॅनेलवर रिसेटचं छोटं बटण यूएसबीच्या शेजारी आहे का?

माझा अंदाज लिहितो, चुकला तर हसा. रिसेट बटणाच्या मागे एक इवलासा स्विच असतो, दोन वायरी, बाकी काही नाही. तो अडकला, त्यात धूळ गेली, किंवा बटणाची प्लॅस्टिकची दांडी मोडून त्यावर टेकून बसली, की जरासा दाब पुरतो. गुडघा टेकला, रिसेट. यूएसबी घुसवताना पॅनेल आत दबलं, रिसेट. रात्री कुणी हात लावत नाही, म्हणून मेमटेस्ट गुणी बाळासारखा चालतो.

तपासायला सोपं आहे. पीसी बंद करा, मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करा, केबल काढा. बाजूचं झाकण उघडा. मदरबोर्डच्या खालच्या कडेला पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी एका नऊ पिनांच्या गठ्ठ्यात जातात. त्यातल्या "रिसेट एसडब्ल्यू" लिहिलेल्या जोडीला हळूच वर ओढून काढा. बहुतेक बोर्डांवर ती ५ आणि ७ क्रमांकाच्या पिनांवर असते. बाकी काही काढू नका, पॉवरचं बटण त्याच गठ्ठ्यात आहे. काढलेली जोडी कुठे टेकणार नाही अशी बाजूला ठेवा आणि दोन दिवस काम करा. रिसेटचं बटण नसल्याने कुणाचं काही अडत नाही.

मल्टिमीटर असेल तर आणखी मजा. कंटिन्युइटीवर (टोकं आतून जोडलेली असली की बीप देतं ते) लावा, दोन टोकं त्या काढलेल्या जोडीच्या आत. बटण न दाबता बीप येता कामा नये.

फाइल न दिसण्याचं कारण वेगळं आहे, ते नंतर. एका वेळी एकच दोरा ओढू.

घाईघाई:

गुडघ्याने पीसी रिस्टार्ट होतो हे आज पहिल्यांदा ऐकलं. 😂 मामा, मला वाटतं तुम्ही उगाच. थर्मल पेस्ट बदला.

सोल्डरमामा:

तापमान ६८ आहे. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. पेस्ट तुमच्याकडेच राहू द्या. 🙂

कीबोर्डवाली:

मंडळी.

मल्टिमीटर शेजारच्या मुलाकडून आणला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तोही बघायला आला. दोघं जमिनीवर पालथे, मोबाइलचा टॉर्च, आणि ती वायरींची जोडी बोटाच्या पेरापेक्षा लहान. एकदा वाटलं हातात तुटून येते की काय.

टोकं लावली, काही नाही, शांत. मी म्हटलं, गेला मामांचा अंदाज. मग त्याने सहज पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टमध्ये घातला. बीऽऽप. काढला, शांत. घातला, बीऽऽप. रिसेट बटणाला हातही लावलेला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो. मग मी खुर्चीत बसून, पाय पेडलवर ठेवून, नेहमीसारखा गुडघा टेकवला. बीऽऽप.

पुढचं पॅनेल काढलं. बटणाला मागून दोन प्लॅस्टिकचे पाय आहेत, त्यातला एक मोडलाय. बटण तिरकं होऊन त्या छोट्या काळ्या स्विचवर जवळजवळ टेकलंय, मधे कागद जेमतेम सरकेल. आणि धूळ अशी की तिचा गालिचा झाला असता.

दीड महिन्यापूर्वी काय झालं होतं तेही आठवलं. पेडल नवं घेतलं, त्याची केबल आखूड, म्हणून कॅबिनेट पायाच्या जवळ ओढलं होतं. बायोस बिचारा उगाच बदनाम झाला.

वायरी काढूनच ठेवल्यात. आज तिसरा दिवस, एकही रिस्टार्ट नाही. मुद्दाम गुडघ्याने ढोसून पाहिलं.

आता मामा, बायोस? ५६०० चा डबा टेबलावर बसून माझ्याकडे बघतोय.

रात्रपाळी:

मी एसएमपीएस बदलायला सांगत होतो! नोंद घेतली, यापुढे आधी पंखे.

सोल्डरमामा:

छान झालं. आता बायोसला हात लावायला हरकत नाही. प्रोसेसर बदलायचा नसता तर मी "चाललंय ते चालू द्या" म्हटलं असतं, पण २०१९ च्या बायोसला २०२२ चा ५६०० ओळखता येणार नाही. म्हणजे जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचं, नंतर बदलायचा. उलट केलं तर पडदा काळाच राहील.

फाइल का दिसली नाही: बायोसमधलं फ्लॅशचं साधन साधारणपणे फॅट३२ च वाचतं, तुमचा पेनड्राइव्ह एक्सफॅट आहे. ६४ जीबीच्या ड्राइव्हला विंडोजची फॉरमॅटची खिडकी बहुधा फॅट३२ चा पर्यायच देत नाही, ३२ जीबीला हात आखडते. कुणाचा तरी जुना ८ किंवा १६ जीबीचा घ्या. डाउनलोड झिप असेल तर ती तशीच टाकू नका, आतली फाइल बाहेर काढून टाका. आणि बोर्डाच्या कोपऱ्यात मॉडेलच्या नावाबरोबर रिव्हिजन छापलेलं असतं, ते जुळवा. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात.

आवृत्त्यांची यादी खालून वर वाचा. जुन्या बोर्डांवर बरेचदा "ही आवृत्ती टाकण्याआधी अमुक आवृत्ती टाका" असं बारीक अक्षरांत असतं. तशी पायरी असेल तर ओलांडू नका. आणखी एक, या पिढीच्या कित्येक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची आहे, सगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर तीत मावत नाहीत. म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून अगदी जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलाय. तुमचा २६०० यादीत राहिलाय ना, ते पाहून घ्या, नाहीतर ५६०० मध्ये काही खोट निघाली तर परतीची वाट बंद.

विंडोज ११ प्रो आहे, म्हणजे बिटलॉकर (ड्राइव्हवरचं विंडोजचं कुलूप) चालू असण्याची शक्यता आहे. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर किंवा फोनवर घ्या, त्याच पीसीवर ठेवून उपयोग नाही. मग कंट्रोल पॅनेलमधून "सस्पेंड प्रोटेक्शन" करा. हे प्रत्येक फ्लॅशच्या आधी आणि प्रोसेसर बदलण्याआधी पुन्हा करायचं, कारण विंडोज पुढच्या वेळी सुरू झालं की संरक्षण परत चालू होतं.

बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. अपडेटनंतर सेटिंग पुसल्या जातात आणि "आधी काय होतं" हे कुणालाच आठवत नाही.

पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात. पीसी यूपीएसवर. फ्लॅश चालू असताना कीबोर्ड, माउस, गुडघा, काहीही लावायचं नाही.

झाल्यावर पडदा दोन-तीन मिनिटं काळा राहिला किंवा मशीन स्वतःहून दोन-तीनदा बंद-चालू झालं तर घाबरून पॉवर दाबू नका. रॅमशी नव्याने जुळवून घेणं चालू असतं.

आणि प्रोसेसर काढताना: आधी दहा मिनिटं मशीन चालवून कूलर कोमट होऊ द्या, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आणि या सॉकेटच्या पिना प्रोसेसरच्या बुडाला असतात. १३३१ पिना आहेत. मी एकदा ब्लेडने सरळ करत बसलोय, पुन्हा नको.

कीबोर्डवाली:

झालं!! रविवारची अख्खी दुपार गेली.

मधली पायरी होतीच, आधी एक आवृत्ती आणि मग शेवटची. दुसऱ्या फ्लॅशनंतर पडदा काळा. घड्याळ लावून बसले. एक मिनिट. दीड. बोर्डावर रॅमजवळचा पिवळा लाइट लागलेला. हात पॉवरच्या बटणाकडे जात होता, मामांचं वाक्य आठवून दोन्ही हात मांडीखाली घेतले. दोन मिनिटं दहा सेकंदांनी लोगो आला.

कूलर फिरवून सोडवला, "च्यक्" असा आवाज झाला तेव्हा काळजाचा ठोका चुकला, पण प्रोसेसर जागेवरच होता.

५६०० बसवल्यावर एक मेसेज आला, ज्याबद्दल कुणी बोललं नव्हतं: नवा प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम (बिटलॉकरसारख्या कुलपांच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रिसेट करायचा असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन. बिटलॉकरचा उल्लेख बघून गळाठले. पण सस्पेंड केलेलं होतं आणि की वहीत लिहिलेली होती, म्हणून वाय दाबलं. विंडोज सरळ आलं, की मागितलीच नाही. ४८ आकडे हाताने लिहिले होते हो मी, दोनदा ताडून! फक्त लॉगिनचा पिन चालेना, पासवर्ड टाकून नवा पिन करावा लागला.

आता दोनच तक्रारी. पंखा आधीपेक्षा घोंघावतो. आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २४०० दिसतोय, आधी ३००० होता.

सोल्डरमामा:

एफटीपीएमचं सांगायचं राहिलं, चूक माझी. तुम्ही केलंत ते बरोबर. बिटलॉकर सस्पेंड केलेलं नसतं आणि की हाताशी नसती, तर मात्र एन दाबून जुना प्रोसेसर परत लावायला सांगितलं असतं.

दोन्ही तक्रारी एकच आहेत, सेटिंग पुसल्या गेल्यात. बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, काही बोर्डांवर नाव थोडं वेगळं असतं पण पहिल्याच पानावर दिसेल. ३००० परत येईल. पंख्याचा आलेख फोटोत बघून तसाच लावा.

कीबोर्डवाली:

३००० आले. पंखाही गप्प झाला, फोटो काढले होते म्हणून वाचले.

कॅबिनेट पेडलच्या डाव्या बाजूला नेलंय. रिसेटच्या वायरी तशाच सुट्या, टोकावर टेप लावून.

घाईघाई:

ताई, एक विचारू? माझा पण पीसी कधीकधी रिस्टार्ट होतो, फॉरमॅट केल्यावरसुद्धा. पंखे थांबत नाहीत.

सोल्डरमामा:

नवीन धागा काढा. आणि आधी टेबलाखाली वाकून बघा.